तो मोबाइल टॉवर नाही, मंडळी!



गेले आठ-दहा दिवस आपल्या गावातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरतोय. तीन मजली इमारतीची गच्ची, गच्चीवर एक लोखंडी पाइप, पाइपाच्या टोकावरून दोन बाजूंना उतरलेल्या तारा. खाली मजकूर : 'रहिवासी भागात बेकायदा मोबाइल टॉवर. लहान मुलांच्या जिवाशी खेळ. जास्तीत जास्त शेअर करा.' मलाही तो पंधरा-वीस जणांनी पाठवला. 'पत्रकारसाहेब, याच्यावर जरा लिहा' म्हणून.

लिहितोय. पण ज्यांनी पाठवला त्या सगळ्यांना ते आवडेलच असं नाही.

पहिली गोष्ट, तो मोबाइल टॉवर नाही. कुठल्याही कंपनीचा नाही आणि त्याचं भाडं कुणाच्या खिशात जात नाही. ती हॅम रेडिओची अँटेना आहे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका त्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. केंद्र सरकारचा हौशी रेडिओचा परवाना त्यांच्याकडे कित्येक वर्षं आहे. आधी ते स्वतःच्या घरात राहायचे तेव्हा तार परसातल्या दोन माडांना बांधलेली असायची, कुणाच्या डोळ्यावर यायची नाही. घर गेलं, फ्लॅट आला, माड राहिले मागे. मग त्यांनी गच्चीवर वीस फुटी पाइप उभा केला. सोसायटीने पंधरा दिवसांत काढा म्हणून नोटीस दिली आहे. नगरपरिषदेतही 'अनधिकृत मोबाइल टॉवर' असा तक्रार अर्ज गेलाय. येत्या रविवारी सोसायटीची विशेष सभा आहे.

मी दोन्ही बाजूंशी बोललो. तक्रार करणाऱ्यांत एका तान्ह्या बाळाची आई आहे. तिची भीती खरी आहे, तिला हसण्यासारखं त्यात काही नाही. आणि काकांचंही चुकलंय, ते पुढे सांगतो. पण रविवारी हात वर करण्याआधी आपण नक्की काय काढायला सांगतोय हे निदान माहीत असावं, म्हणून हा एवढा प्रपंच.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

आकाशवाणी एकाच दिशेने बोलते, आपण ऐकतो. मोबाइल दोन्हीकडून बोलतो, पण मधे कंपनीचा टॉवर, तिची केबल, तिचा सर्व्हर लागतो. हॅम रेडिओत मधे कुणीच लागत नाही. माझा संच, माझी अँटेना, मधे हवा, पलीकडे तुमची अँटेना, तुमचा संच. झालं.

हे वाट्टेल त्याला करता येत नाही. केंद्रीय दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षांच्या मुलापासून पुढे कुणालाही ती देता येते. पास झाल्यावर परवाना आणि एक सांकेतिक नाव मिळतं, त्याला कॉल साइन म्हणतात. आपल्याकडची ती बहुतेक व्हीयू २ किंवा व्हीयू ३ ने सुरू होतात. राजीव गांधी हॅम होते, त्यांची कॉल साइन होती व्हीयू २ आरजी. परवान्याच्या अटी कडक आहेत. धंदा करायचा नाही, गाणी लावायची नाहीत, गुप्त भाषेत बोलायचं नाही, प्रत्येक बोलण्यात आपली कॉल साइन सांगायची.

'काका हेरगिरी करत असतील' असं लिहिणाऱ्या महाशयांनी एवढंच बघावं. १९४२च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला, तो खरोखर गुप्त होता. पोलीस मागावर असायचे म्हणून त्यांना सारखी जागा बदलावी लागायची. ज्याला लपून बोलायचंय तो असा वागतो. तो गच्चीवर वीस फुटी पाइप लावून, स्वतःची ओळख सांगत, योग्य रिसीव्हर लावून कुणालाही ऐकता येईल असं कशाला बोलेल?

एवढी मोठी तार कशाला?

हा प्रश्न सगळ्यांचा आहे. 'मोबाइलची अँटेना आत बसते, मग यांना गच्ची कशाला?'

उत्तर शाळेतल्या गणिताचं आहे. अँटेना ही लहरीच्या लांबीच्या मापाची लागते. मोबाइलची लहर काही सेंटिमीटरांची, फार तर एक-दीड वितीची, म्हणून ती फोनात मावते. हॅम मंडळी लांबचं बोलायला ७ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात, तिथे लहर सुमारे ४० मीटर लांब. तिच्या निम्म्या मापाची तार म्हणजे साधारण २० मीटर. मधोमध केबल जोडायची, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. मधला भाग पाइपावर उचलून धरायचा आणि दोन्ही टोकं उतरती बांधायची. फोटोत दिसतंय ते हेच. तांब्याची तार, दोरी, केबल, चार इन्सुलेटर. साध्या मोबाइलच्या किमतीतही हे सगळं बसतं. १४ मेगाहर्ट्झला गेलात तर तार निम्मी होते, दहा मीटर. आणि गावातल्या गावात, पंचक्रोशीत बोलायला १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा असतो, त्याची उभी कांडी अर्धा मीटर. काकांच्या पाइपाच्या टोकावर ती आहे, लोकांना ती 'मोबाइलची कांडी' वाटली.

आता उंचीचं. त्या अर्ध्या मीटरच्या कांडीला उंची लागते, कारण तिच्या लहरी बऱ्यापैकी सरळ जातात, जणू नजर. दहा मीटर उंचीवरून तिची नजर सपाटीवर साधारण १३ किलोमीटर पोचते, २५ मीटरवरून २० च्या आसपास. मधे डोंगर आला की संपलं, आणि आपल्याकडे डोंगराशिवाय आहे काय?

पण त्या लांब तारेचं उलटं आहे. ती फार उंच नसली तर तिच्या लहरी जवळजवळ सरळ वर जातात, वातावरणाच्या वरच्या थरावर आपटतात आणि छत्रीसारख्या खाली पसरतात. दिवसा तीन-चारशे किलोमीटरच्या टापूत बोलता येतं. मधे सह्याद्री असला तरी फरक पडत नाही, कारण लहर त्याच्या डोक्यावरून येते. म्हणजे इथल्या गच्चीवरून पुणं, मुंबई, कोल्हापूर. टॉवरबिवर काही लागत नाही, तीस-पस्तीस फुटांवर टांगलेली तार पुरते.

हे मुद्दाम सांगतोय. हॅम रेडिओ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शंभर फुटी टॉवर आणि त्यावर फिरणारी मोठी जाळी येते. परदेशाशी बोलण्याचा नाद असलेले लोक तसं करतातही. तिथे पाया, ताण, वाऱ्याचा हिशोब, इंजिनीअरचा दाखला हे सगळं हवंच. पण संकटाच्या दिवशी गावाला जी अँटेना लागते ती वीस मीटरची तार आहे. म्हणून 'टॉवर हवा की नको' हा वादच चुकीच्या जागी चाललाय.

किरणांचं काय?

आता मुख्य भीती. तान्ह्या बाळाच्या आईने मला विचारलं, 'भाऊ, तुमच्या घरावर लावाल का?' प्रश्न रास्त आहे.

रेडिओच्या लहरी एक्स-रेसारख्या नसतात. त्या पेशींतल्या अणूंना फोडत नाहीत. फार तीव्र असल्या तर शरीर तापवतात, आणि ती तीव्रता अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. मोबाइल टॉवरचं म्हणाल तर १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे लहरींच्या तीव्रतेची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणलेली आहे. तो टॉवर चोवीस तास चालू असतो. हॅमचा संच बटण दाबून बोलेपर्यंतच लहरी सोडतो, बाकी वेळ नुसता ऐकतो. संचाची ताकद बहुतेक वेळा शंभर वॅट, हातातला छोटा संच असेल तर पाच वॅट. शंभर वॅट म्हणजे आपल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी.

म्हणजे काहीच जपायला नको का? नको कसं! बोलणं चालू असताना त्या तारेच्या टोकांवर मोठा दाब असतो. हात लागला तर चटका बसतो, जखम होते. म्हणून ती टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांपासून लांब हवीत. गच्चीवर मुलं खेळतात, पापड-कुरडया वाळत पडतात. काकांचं चुकलंय ते इथे. त्यांच्या तारेचं एक टोक गच्चीच्या कठड्याला डोक्याएवढ्या उंचीवर बांधलेलं मी स्वतः पाहिलं. ते वर गेलंच पाहिजे, आजच्या आज. हे त्यांना मी तोंडावर सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं.

आणि एक कानात सांगतो. आपल्याच गावात दोन इमारतींच्या गच्च्यांवर खरेखुरे मोबाइल टॉवर आहेत. दर महिन्याला भाडं येतं, त्यातून लिफ्टचा मेंटेनन्स भागतो. तिथे मी एकही मोर्चा पाहिला नाही. जिथे भाडं येतं तिथे किरणं येत नाहीत, असं काही विज्ञान असेल तर मला शिकायचंय.

खऱ्या धोक्यांबद्दल कुणी बोलत नाही

गंमत अशी की या वादात जे विचारायला हवं ते कुणीच विचारलेलं नाही. किरणांवर चारशे मेसेज, पण पाइप पडला तर काय यावर एकही नाही.

पाइप पडू शकतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. कौलं, पत्रे, माड, विजेचे खांब काय काय गेलं ते आपण पाहिलंय. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. नुसत्या तारेला वारा फारसा धरत नाही, पण पाइपाला धरतो. म्हणून पाइपाला तीन बाजूंनी ताण हवेत, तेही वेगवेगळ्या मजबूत ठिकाणी बांधलेले, पाण्याच्या टाकीच्या नळाला नव्हे. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी तार वर्षा-दोन वर्षांत गंजते. दर मे महिन्यात ताण, क्लॅम्प, नटबोल्ट तपासलेच पाहिजेत.

दुसरा धोका विजेच्या तारांचा, आणि हा सगळ्यात मोठा. अँटेना चढवताना किंवा उतरवताना पाइप हातातून सुटून महावितरणच्या तारेवर गेला तर माणूस जागच्या जागी संपतो. नियम सोपा आहे : पाइप कुठल्याही बाजूला पडला तरी विजेच्या तारेला पोचणार नाही, इतकं अंतर. पोचत असेल तर ती जागाच चुकीची, मग बाकी काहीही असो.

तिसरा, आकाशातली वीज. 'अँटेना वीज ओढून घेते' असं सेक्रेटरी म्हणाले. उंच वस्तूवर वीज पडायची शक्यता जास्त, हे बरोबर. माडावरही पडते, देवळाच्या कळसावरही पडते, म्हणून आपण माड तोडत नाही. पाइपाला जाड पट्टीने स्वतंत्र अर्थिंग द्यायचं, केबल इमारतीत शिरायच्या आधी तीही अर्थला जोडायची आणि ढग गडगडायला लागले की केबल संचातून काढून बाहेर टाकायची. वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या पावसात तर सवयच हवी. काकांचं अर्थिंग आहे, पण त्याचा खड्डा शेवटचा कधी तपासला ते त्यांना आठवेना. हा प्रश्न सभेत विचारा.

चौथी तक्रार खरखरीची. 'काका बोलले की आमच्या स्पीकरमधून आवाज येतो' असं खालच्या मजल्यावरचे म्हणतात. येऊ शकतो. इतरांच्या सेवेत अडथळा आणायचा नाही ही हॅमची जबाबदारीच आहे. स्पीकरच्या वायरीवर फेराइटचा मणी चढवला, अर्थिंग नीट केलं, ताकद थोडी कमी केली की बहुधा मिटतं. उलट बाजूही ऐका. आपले स्वस्तातले एलईडी दिवे आणि चार्जर त्यांच्या रेडिओत संध्याकाळभर घरघर करतात. त्यांनी अजून कुणावर नोटीस काढलेली नाही.

गावाला याचा उपयोग काय?

आता खरा मुद्दा. काकांचा छंद त्यांच्यापाशी, आपण का सोसायचं?

२२ जुलै २०२१ आठवा. चिपळूण पाण्याखाली, महाडला पूर, तळिये गावावर दरड. वीज गेली आणि मागोमाग रेंज गेली. मोबाइल टॉवर कशावर चालतो? विजेवर. ती गेली की काही तास बॅटरीवर, मग डिझेलवर. डिझेल पोचवायला रस्ता लागतो आणि रस्ता पाण्यात. बॅटरी-जनरेटर जमिनीलगत असेल तर तेही पाण्यात. वरून फायबर तुटलेली. टॉवर उभा दिसतो, पण मुका. त्या दिवसांत आपल्या किती जणांच्या घरच्यांचा पत्ता लागत नव्हता ते विसरलात का?

माळीण आठवा. ३० जुलै २०१४ ला अख्खं गाव दरडीखाली गेलं, आणि नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला जेव्हा गाव जागेवर दिसलं नाही तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. निरोप पोचायला लागणारा वेळ म्हणजे माणसं.

हॅम मंडळींनी अशा वेळी काम केल्याचा इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, २६ जानेवारी २००१ ला भूजचा. दोन्हीकडे हॅम आपले संच घेऊन पोचले आणि निरोपांची ने-आण केली. २०१८ च्या केरळच्या पुरातही ते होते. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते अंदमानचं उदाहरण. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली काही हॅम पोर्ट ब्लेअरला गेले होते. कशाला? निव्वळ हौसेला. अंदमानातून हॅम रेडिओवर बोलायची परवानगी बऱ्याच वर्षांनी मिळाली होती आणि जगभरचे हॅम त्या बेटांशी बोलायला आसुसले होते. २६ डिसेंबरला सुनामी आली, संपर्क तुटला, आणि त्याच हौसेच्या रेडिओवरून मुख्य भूमीशी निरोप सुरू झाले. लोक कुठे आहेत, कोण सुखरूप आहे, काय हवंय.

लक्षात घ्या, ते कुणी आपत्ती निवारणासाठी पाठवलेले नव्हते. ते तिथे होते, संच चालू होता, अँटेना वर होती, वापरायची सवय होती, एवढंच. हौस होती म्हणून सोय झाली. पूर आल्यावर अँटेना लावायला कुणी गच्चीवर चढत नाही, ती आधी वर असावी लागते. आणि रोज संध्याकाळी जो माणूस पुण्याच्या, कोल्हापूरच्या मित्रांशी 'आवाज कसा येतोय' म्हणून गप्पा मारतो, त्यालाच पुराच्या दिवशी कुठल्या वेळी कुठल्या पट्ट्यावर कोण भेटेल ते माहीत असतं. तुम्हाला जी वटवट वाटते ती त्याची तालीम आहे.

'पोलिसांचं वायरलेस आहे की, कलेक्टर ऑफिसात सॅटेलाइट फोन असतो की,' असं एक माजी नगरसेवक म्हणाले. असतो. पण पोलिसांचं वायरलेस पोलिसांच्या कामाने गच्च भरलेलं असतं. सॅटेलाइट फोन आपल्या देशात परवानगीशिवाय ठेवता येत नाही, मोजक्या अधिकाऱ्यांपाशी असतो. तुमच्या वाडीतल्या म्हातारीला डायलिसिसला न्यायचंय हा निरोप त्यावर कोण देणार? हॅम रेडिओ काही जादू नाही. एक माणूस, एक संच, कारच्या बॅटरीवर चालणारा. तोच पुरात सापडला तर खेळ खलास. म्हणून तर एक नव्हे, गावात चार हवेत. आपण मात्र असलेला एक काढायला निघालोय.

घोडं अडतंय कुठे?

कायद्यात. किंवा कायदा आहे पण तो या माणसाकडे बघत नाही, यात.

परवाना केंद्र सरकार देतं, त्यावर स्टेशनचा पत्ताही असतो. पण त्या परवान्याने सोसायटीची गच्ची मिळत नाही. गच्ची सगळ्यांची, तिचा निर्णय सोसायटीच्या सभेत, बहुमताने. काकांनी पाइप लावण्याआधी लेखी परवानगी घेतली नाही, तोंडी 'लावू का?' 'लावा की' एवढ्यावर काम केलं. ही त्यांची दुसरी चूक, आणि सोसायटीचा तेवढा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे.

नगरपरिषदेत गेलात तर कर्मचाऱ्यापुढे एकच माप असतं, मोबाइल टॉवरचं. कंपनीचा अर्ज, शुल्क, दाखले. त्या मापाने वीस फुटी पाइप मोजला की तो 'अनधिकृत' ठरणारच. ज्या टेबलवर अर्ज गेलाय तिथल्या साहेबांचा यात दोष नाही, त्यांच्या फॉर्ममध्ये 'हौशी रेडिओ' हा रकानाच नाही.

अमेरिकेत हाच झगडा झाला होता. १९८५ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने एक आदेश काढला. स्थानिक नगरपालिकांना सुरक्षिततेचे, उंचीचे नियम करता येतील, पण हॅम अँटेनाला सरसकट बंदी घालता येणार नाही, वाजवी जागा द्यावीच लागेल. खासगी वसाहतींच्या आपापसातल्या करारांना मात्र त्यांनी हात लावला नाही, त्यामुळे तिथली भांडणं चालूच आहेत. म्हणजे ही काही आपल्याच गावची कटकट नाही. पण 'वाजवी' हा शब्द मला आवडला. दोन्ही बाजूंना तो बांधतो.

मग करायचं काय?

माझं म्हणणं मुद्द्यांत सांगतो.

१. सोसायटीने 'काढा' म्हणण्याऐवजी अटींवर लेखी परवानगी द्यावी. जागा ठरवावी, उंची ठरवावी. तारेची टोकं हाताला लागणार नाहीत एवढी वर. पाइप पडला तर इमारतीच्या हद्दीतच पडेल आणि विजेच्या तारेपासून लांब राहील, याची खात्री. नुकसान झालं तर भरपाईची हमी काकांकडून स्टॅम्पपेपरवर. दर मे महिन्यात तपासणी, तिचा कागद सेक्रेटरींकडे.

२. नगरपरिषदेने हौशी रेडिओ आणि मोबाइल टॉवर हे दोन वेगळे विषय आहेत असा साधा ठराव करावा. ठरावीक उंचीपर्यंतच्या पाइपाला परवान्याची प्रत आणि नकाशा जोडून नुसती नोंद पुरावी. त्याच्या वरचा टॉवर असेल तर इंजिनीअरचा दाखला घ्यावा, वाऱ्याच्या भारासकट. जवळ विमानतळ असेल तर त्यांचे उंचीचे नियम आहेतच.

३. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाने जिल्ह्यातल्या परवानाधारक हॅमची यादी ठेवावी आणि पावसाळ्याआधीच्या रंगीत तालमीत त्यांना बोलवावं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरण आहे, बैठका होतात, चहा-बिस्किटं होतात. त्यात रेडिओची एक चाचणी झाली तर काय बिघडेल? सकाळी दहा वाजता मोबाइल बंद आहेत असं धरून इथून जिल्ह्याच्या ठिकाणी एक निरोप पोचवून बघा. दहा मिनिटांत कळेल उपयोग आहे की नाही.

४. आपल्या हायस्कूलची किंवा कॉलेजची गच्ची यासाठी उत्तम आहे. क्लबच्या नावाने परवाना घेता येतो. पोरांना परीक्षा देता येते. भौतिकशास्त्राचं पुस्तक गच्चीवर उतरवायची एवढी स्वस्त संधी दुसरी नाही. आणि मग अँटेना कुणा एकाच्या डोक्यावरची राहणार नाही, गावाची होईल.

५. काकांना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना : दार उघडा. शेजाऱ्यांना घरात बोलवा, संच दाखवा, त्यांच्या मुलांना नाव सांगून बोलू द्या. तुम्ही परवाना कपाटात ठेवता आणि अँटेना गच्चीवर. लोकांना फक्त अँटेना दिसते. कोलकात्याकडचे हॅम गंगासागरच्या जत्रेत हरवलेल्या माणसांना घरी पोचवतात, म्हणून तिथल्या लोकांना ते ठाऊक आहेत. आपल्याकडे वारी आहे, जत्रा आहेत, शिमगा आहे. एकदा दिसा. मग कुणी 'मोबाइल टॉवर' म्हणणार नाही.

रविवारच्या सभेला जाणाऱ्यांना एक विनंती. बाळाच्या आईला आधी बोलू द्या आणि काकांना तिच्या प्रश्नाचं उत्तर नीट देऊ द्या, आवाज न चढवता. मग हे पाच प्रश्न विचारा : ताण कुठे बांधलेत? अर्थिंगचा खड्डा कधी तपासला? तार हाताला लागते का? पाइप पडला तर कुठे पडेल? आणि रेंज गेली तर तुमचा संच बॅटरीवर किती तास चालेल?

पहिल्या चारांची उत्तरं समाधानकारक नसतील तर बेलाशक काढायला लावा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. समाधानकारक असतील तर पाचव्याचं उत्तर नीट ऐका आणि त्यांचा फ्लॅट नंबर लिहून ठेवा. मे संपत आलाय. जूनमध्ये रेंज जाते, हे सांगायला पत्रकार लागत नाही.

सभेत काय ठरतं ते इथेच लिहीन. कुणाला यातलं काही चुकीचं वाटलं तर कमेंटमध्ये मुद्द्याने सांगा, शिव्या नकोत. आणि तो फोटो पुढे पाठवायचाच असेल, तर खालचा मजकूर तेवढा बदला.